कॉन्फ्लुएन्सवरच्या शेकडो पानांतून चालू रनबुक गाळणारी क्वेरी कशी लिहावी

प्रश्न थोडक्यात असा: टीमच्या कॉन्फ्लुएन्सवर, म्हणजे टीमची माहिती पानांच्या रूपात ठेवायच्या विकीवर, अनेक वर्षांची पाने साठली आहेत. ‘डिप्लॉयमेंट’ शोधले की मीटिंगच्या नोंदी, जुने आराखडे, कोणीतरी सरावासाठी केलेली पाने, जोडलेल्या फाइल्स, सगळेच समोर येते. सध्या लागू असलेली आणि मागच्या सहा महिन्यांत कोणीतरी तपासलेली रनबुक्स (एखादे काम किंवा बिघाड कसा हाताळायचा याच्या पायऱ्यांची पाने), एवढीच दिसायला हवीत. काही पाने मराठीत आहेत आणि ती तर शोधात येतच नाहीत. क्वेरी कशी लिहायची?

शोधायचा शब्द क्वेरीत सर्वांत शेवटी लिहा. बहुतेक जण शब्दापासून सुरुवात करतात आणि मग निकाल कमी करण्यासाठी आणखी शब्द घालत जातात. शब्द मात्र मीटिंगच्या नोंदीत असतो, चुकीच्या पानावर असतो, तीन वर्षांपूर्वी बंद झालेल्या सर्व्हरच्या पानावरही असतो. पान कोणत्या प्रकारचे, कुठे ठेवलेले, कोणत्या अवस्थेतले, हे आधी ठरवले की शब्दावर फारसा भार राहत नाही. बऱ्याचदा त्याची गरजही उरत नाही.

हे शोधचौकटीत नीट जमत नाही, त्यासाठी सीक्यूएल आहे, म्हणजे कॉन्फ्लुएन्स क्वेरी लँग्वेज. जिरा या कामे नोंदवायच्या साधनात जेक्यूएल ही तशीच क्वेरी लँग्वेज लिहिणाऱ्याला तिचा साचा ओळखीचा वाटेल: फील्ड, मग ऑपरेटर, मग किंमत, आणि अशा अटी ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ यांनी जोडायच्या. ती दोन ठिकाणी कामी येते. पानावर टाकायच्या ‘कंटेंट बाय लेबल’ किंवा ‘पेज प्रॉपर्टीज रिपोर्ट’ यांसारख्या मॅक्रोंत (पानावर आपोआप भरणाऱ्या तयार चौकटींत) ती फिल्टर निवडून तयार होते. रेस्ट एपीआयला, म्हणजे स्क्रिप्टने कॉन्फ्लुएन्सशी बोलायच्या मार्गाला, मात्र ती अक्षरशः लिहून द्यावी लागते. खालच्या क्वेरी मी वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना फील्ड, ऑपरेटर आणि फंक्शन यांची नावे इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

सुरुवात इथून करा:

टाइप = पेज अँड स्पेस = "ओपीएस"

‘टाइप’ दिला नाही, तर पानांबरोबर ब्लॉगपोस्ट, कॉमेंट आणि अटॅचमेंटही निकालात येतात. पीडीएफ आणि ऑफिसच्या फाइल्समधला मजकूरही इंडेक्स होतो, म्हणजे शोधाच्या सूचीत जातो. त्यामुळे एकच रनबुक पान म्हणून, जोडलेली वर्डची प्रत म्हणून आणि त्यावरच्या कॉमेंट म्हणून तीन-चार वेळा दिसते. तुमच्या निकालांतला बराच गोंधळ या एका अटीने जाईल.

पुढे जागा आणखी नेमकी करा. स्पेस, म्हणजे पानांचा एक स्वतंत्र विभाग, फार मोठी असते. तिच्यात रनबुक्स एखाद्या मूळ पानाखाली असतील, तर ‘ॲन्सेस्टर’ वापरा:

टाइप = पेज अँड ॲन्सेस्टर = 48210337

हा आकडा त्या मूळ पानाचा आयडी आहे. क्लाउडवर, म्हणजे कॉन्फ्लुएन्सच्या इंटरनेटवर चालणाऱ्या आवृत्तीत, तो पानाच्या पत्त्यातच दिसतो. पानाचे नाव बदलले किंवा पान हलवले तरी आयडी बदलत नाही, म्हणून नावापेक्षा आयडीवर भरवसा ठेवा. ‘पेरेंट’ नावाचे दुसरे फील्ड आहे, पण ते फक्त थेट खालची पाने देते. ‘ॲन्सेस्टर’ पूर्ण वंश देते: मुले, नातवंडे, त्यांच्याही खालची पाने. रनबुक्सची झाडे नेहमी दोन-तीन पातळ्यांची होतात, तेव्हा ‘पेरेंट’ने अर्धीच पाने मिळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. निकाल रिकामा असता तर माणूस शंका घेतो. अर्धा निकाल पाहून मात्र तो समाधानाने निघून जातो.

आता ‘चालू’ आणि ‘तपासलेली’ यांकडे येऊ. तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग हाच आहे आणि तो सीक्यूएलच्या व्याकरणाने सुटत नाही.

साहजिकच हात ‘लास्टमॉडिफाइड’कडे जातो:

लास्टमॉडिफाइड > नाऊ("-26डब्ल्यू")

म्हणजे मागच्या सव्वीस आठवड्यांत बदललेली पाने. महिने लिहिताना एक सापळा आहे. मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिट. सहा महिन्यांऐवजी सहा मिनिटांची अट लागली, तर क्वेरी कुरकुर न करता चालते आणि जवळजवळ रिकामा निकाल देते. मी आठवडे लिहितो, तो प्रश्नच राहत नाही. ‘स्टार्टऑफमंथ’, ‘स्टार्टऑफयीअर’ ही फंक्शन्सही आहेत. ‘या वर्षात अजिबात न बदललेली पाने’ काढायला लास्टमॉडिफाइड < स्टार्टऑफयीअर() इतके पुरते.

पण हे फील्ड फक्त एवढेच सांगते की कोणीतरी पान उघडून जतन केले. ते तपासले का, हे त्यातून कळत नाही. समजा डेटाबेस रिस्टोअरचे एक रनबुक आहे आणि त्यात दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सर्व्हरचे नाव आहे. नव्याने आलेल्या कोणीतरी त्या पानावरची स्पेलिंगची चूक सुधारली आणि बाकीचे वाचलेही नाही. तुमच्या क्वेरीसाठी ते पान आता ताजे झाले. याउलट सर्टिफिकेट बदलण्याचे रनबुक एखाद्या अनुभवी माणसाने ओळ न् ओळ करून पाहिले, सगळे बरोबर निघाले, म्हणून त्याने काहीच बदलले नाही. ते पान तुमच्या क्वेरीत शिळे. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर यांतले कोणते पान वर यायला हवे, हे सांगायची गरज नाही. पण ‘लास्टमॉडिफाइड’वर विसंबलेली क्वेरी नेमके उलटे पान वर आणते.

जी गोष्ट पानावर कुठेच नोंदलेली नाही, ती कोणतीही क्वेरी शोधू शकत नाही. तपासणी शोधायची असेल, तर ती नोंदवावी लागेल, आणि त्यासाठी कॉन्फ्लुएन्समधले सर्वांत सोपे साधन लेबल आहे. तपासणी झाली की पानावर त्या तिमाहीचे लेबल लावा, उदाहरणार्थ ‘रिव्ह्यूड-2025-क्यू3’. लेबल लावल्याने पानाची नवी आवृत्ती तयार होत नाही, म्हणून सगळे बरोबर निघाल्यावर केवळ तारीख पुढे यावी म्हणून खोटी दुरुस्ती करावी लागत नाही. मग क्वेरी अशी:

टाइप = पेज अँड ॲन्सेस्टर = 48210337 अँड लेबल = "रनबुक" अँड लेबल इन ("रिव्ह्यूड-2025-क्यू3", "रिव्ह्यूड-2025-क्यू4") अँड लेबल नॉट इन ("ऑब्सोलीट", "ड्राफ्ट")

दोन तिमाहींची लेबले दिली की सहा महिने झाले. ‘लेबल’ हे फील्ड एकाच क्वेरीत पुन्हा पुन्हा वापरता येते, कारण एका पानावर अनेक लेबले असतात आणि प्रत्येक अट त्या सगळ्यांवर तपासली जाते. मॅक्रोच्या फिल्टरमध्ये हे करताना लक्षात ठेवा, की लेबलच्या एकाच फिल्टरमध्ये दोन लेबले घातली तर त्यांत ‘ऑर’ लागतो. दोन्ही हवीच असतील, तर लेबलचा फिल्टर दुसऱ्यांदा जोडावा लागतो. इथे फसलेले रिपोर्ट मी बरेच पाहिले आहेत. ‘रनबुक’ आणि ‘रिव्ह्यूड’ एकाच खणात टाकलेले असतात आणि खाली तपासलेले, न तपासलेले, रनबुक नसलेले, सगळे एकत्र दिसते.

लेबलांची नावे कमी ठेवा आणि ठरवून ठेवा. कॉन्फ्लुएन्स लेबले छोट्या अक्षरांत करून घेते आणि लेबलात शब्दांमधली मोकळी जागा चालत नाही, पण ‘रनबुक’, ‘रनबुक्स’, ‘रन-बुक’ ही तिन्ही त्याच्यासाठी वेगवेगळी लेबले आहेत. यावर उत्तम उपाय टेम्प्लेट आहे. रनबुकचे टेम्प्लेट करून त्यावरच ‘रनबुक’ लेबल लावले, की त्यातून तयार होणाऱ्या प्रत्येक पानावर ते आपोआप येते आणि कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. तपासणीचे लेबल मात्र टेम्प्लेटमध्ये चुकूनही ठेवू नका. नाहीतर प्रत्येक नवे पान जन्मतःच तपासलेले ठरेल. पान कॉपी करतानाही तपासणीचे लेबल सोबत आले का, ते पाहून काढून टाका.

लेबल कोणी लावले हे क्वेरीत विचारता येत नाही. ते हवे असेल तर पानाच्या वरच्या बाजूला ‘पेज प्रॉपर्टीज’ मॅक्रोमध्ये छोटा तक्ता ठेवा: तपासणारा, तारीख, कोणत्या एन्व्हायर्नमेंटवर (चाचणीच्या की प्रत्यक्ष वापराच्या यंत्रणेवर) करून पाहिले. मग ‘पेज प्रॉपर्टीज रिपोर्ट’ वरच्याच क्वेरीने पाने निवडतो आणि हे रकाने शेजारी शेजारी मांडतो. मात्र त्या रकान्यांतल्या किमतींवर सीक्यूएल गाळू शकत नाही. ‘अवस्था = बंद’ असे तक्त्यात लिहून ते क्वेरीत वगळू पाहणारे दमतात. गाळायचे ते लेबलात, दाखवायचे ते तक्त्यात.

जुनी शेकडो पाने असतील, तर लेबले हाताने लावत बसू नका. ॲन्सेस्टरच्या क्वेरीने आयडींची यादी काढा आणि एपीआयच्या छोट्या स्क्रिप्टने ‘रनबुक’ लावून टाका. एपीआयकडून यादी घेताना मर्यादा सांगितली नाही तर एका वेळी 25 च निकाल मिळतात, तेव्हा पुढचे निकाल मागत राहायला विसरू नका. तपासणीचे लेबल स्क्रिप्टने लावायचे नाही. ते माणसानेच, वाचून, लावायचे.

आता शब्द. एवढे गाळून झाल्यावर शेवटी एक अट जोडा:

अँड टेक्स्ट ~ "डिप्लॉयमेंट"

‘टेक्स्ट’ एकाच वेळी शीर्षक, मजकूर आणि लेबले यांत शोधते. ‘टायटल ~’ फक्त शीर्षकात शोधते, आणि टीमने शीर्षकांना शिस्त लावली असेल तर मी तेच आधी वापरतो. ‘टायटल =’ म्हणजे पूर्ण शीर्षक जसेच्या तसे, त्यात एक शब्द जास्त असला तरी पान सुटते. ‘~’ पुढे दोन शब्द दिले, तर ते पानात शेजारी शेजारी असतीलच असे नाही. सलग वाक्प्रचार हवा असेल तर अवतरणचिन्हांच्या आत पुन्हा अवतरणचिन्हे द्यावी लागतात आणि आतल्या चिन्हांआधी उलटी तिरकी रेघ:

टेक्स्ट ~ "\"डिस्क स्पेस\""

एरर कोडसाठी हे हमखास लागते. इंडेक्स तयार होताना हायफनवर शब्द तुटतो. ओरॅकलचा ‘ओआरए-01555’ साधा शोधला, तर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे शोधले जाऊ शकतात. सलग म्हणून शोधला की नेमके पान मिळते. इंग्रजी पानांवर शब्दांची रूपे एकत्र धरली जातात, ‘डिप्लॉय’ शोधले तरी ‘डिप्लॉइंग’ सापडते. मराठीत तसे होत नाही, आणि तुमची मराठी पाने शोधात न येण्याचे कारण बहुधा हेच असावे.

कॉन्फ्लुएन्स डेटा सेंटरचा (कंपनीने स्वतः चालवायच्या आवृत्तीचा) शोध ल्युसीन या शोधाच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. ल्युसीनमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी शब्दरूपे ओळखणारे तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. त्यामुळे ‘सर्व्हर’, ‘सर्व्हरवर’, ‘सर्व्हरचा’, ‘सर्व्हरमधून’ हे इंडेक्सच्या दृष्टीने चार परके शब्द असतात, आणि मराठीत शब्द विभक्तीशिवाय कितीसा येतो! यावर वाइल्डकार्ड, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ असे सांगणारा तारा, चालते:

टेक्स्ट ~ "सर्व्हर*"

तारा शब्दाच्या शेवटी लावा, सुरुवातीला चालत नाही. जिथे सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो, तिथे तारा आधीच लावावा लागतो. ‘नमुना’ आणि ‘नमुन्यात’ दोन्ही हवे असतील तर ‘नमुन*’ लिहा. ‘नमुना*’ लिहिले तर दुसरे सुटते, कारण ‘न’नंतरचा काना तिथे राहत नाही. मूळ फार छोटे करू नका, ‘पाण*’ने पाण्याबरोबर पाणबुडीही येईल.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुधारणाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक युनिकोडमधल्या 0931 या वेगळ्या ‘ऱ’ने, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात जुळतीलच याची खात्री नाही. कीबोर्ड बदलला की लिहिण्याची तऱ्हा बदलते. अशा शब्दावर शोध अवलंबून ठेवू नका. ‘दुस*’ लिहून इतर अटींवर भार टाका. मराठी आणि इंग्रजी आकडे, ‘सर्व्हर’ आणि ‘सर्वर’, ‘बॅकअप’ आणि ‘बॅक-अप’ यांचेही तसेच. म्हणून पान मराठीत असले तरी त्याची लेबले इंग्रजी अक्षरांत, ठरलेल्या यादीतलीच ठेवा. मजकूर ज्याला जशी सोपी वाटेल तशा मराठीत लिहू द्या, तो खरेच वाचला जातो आणि तसाच लिहिला जायला हवा. पान सापडण्याची जबाबदारी लेबलांनी घ्यायची.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली, कंस. समजा रनबुक्स आणि पोस्टमॉर्टेम (बिघाडानंतर लिहिलेले अहवाल) दोन्ही हवेत, पण फक्त ओपीएस स्पेसमधले. असे लिहिले जाते:

स्पेस = "ओपीएस" अँड लेबल = "रनबुक" ऑर लेबल = "पोस्टमॉर्टेम"

‘अँड’ आधी बांधला जातो. म्हणजे ओपीएसमधली रनबुक्स, अधिक पूर्ण कंपनीतली पोस्टमॉर्टेम. जिथे ‘ऑर’ आहे तिथे डोळे मिटून कंस घाला:

स्पेस = "ओपीएस" अँड (लेबल = "रनबुक" ऑर लेबल = "पोस्टमॉर्टेम")

किंवा एकच फील्ड असेल तर ‘इन’ वापरा, ‘ऑर’ टळतो.

माणसांवर गाळायचे असेल तर ‘क्रिएटर’ म्हणजे पान तयार करणारा आणि ‘कॉन्ट्रिब्यूटर’ म्हणजे तयार करणारा किंवा संपादन करणारा. ‘करंटयूझर()’ लिहिले की पाहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची पाने दिसतात, टीमच्या मुख्य पानासाठी हे छान आहे. क्लाउडवर 2019 च्या गोपनीयतेच्या बदलांनंतर क्वेरीत युझरनेमऐवजी अकाउंट आयडी लागतो. जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या क्वेरी इथे अडतात.

क्वेरी लिहून झाली की ती तपासा. निकाल ‘बरा दिसतो’ एवढ्यावर सोडू नका. यायलाच हवीत अशी काही पाने आणि येता कामा नयेत अशी काही पाने आधी कागदावर लिहा आणि मग क्वेरी चालवा. हवे ते पान आले नाही, तर शेवटून एकेक अट काढत जा. कोणती अट काढल्यावर पान दिसते, तीच चुकलेली. पान नुकतेच लिहिले असेल तर इंडेक्सला थोडा वेळ द्या. आणि परवानगीचे भान ठेवा. निकालात फक्त तीच पाने येतात, जी पाहण्याचा हक्क शोधणाऱ्याला आहे. तुम्हाला दिसलेली यादी शेजारच्या माणसाला वेगळी दिसू शकते, आणि बॉटच्या खात्याने काढलेला अहवाल आणखी वेगळा. ऑनकॉलच्या (बिघाडासाठी पाळीने सज्ज राहणाऱ्यांच्या) रनबुकवर कोणी पानापुरते निर्बंध लावले असतील, तर ते ऑनकॉलवर नव्याने आलेल्याच्या निकालात येणारच नाही, आणि ‘रनबुक नाही’ असा निष्कर्ष काढून तो स्वतःच्या अंदाजाने चालेल. क्वेरी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी सर्वांत कमी हक्क असलेल्या माणसाच्या खात्यातून ती एकदा चालवून पाहा.

तुमची टीम मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) वापरत असेल तर नावे बदलतात, विचार तोच राहतो. तिथे सिरससर्च हे एक्स्टेन्शन बसवलेले असेल तर ‘इनटायटल:’, ‘इनकॅटेगरी:’, ‘हॅजटेम्प्लेट:’, ‘इनसोर्स:’ हे कीवर्ड शोधचौकटीतच लिहिता येतात आणि आधी उणे चिन्ह लावले की ती अट उलटते. ‘इनकॅटेगरी’ उपवर्गांत उतरत नाही, म्हणजे ‘पेरेंट’सारखीच अर्धा निकाल देण्याची खोड. ‘हॅजटेम्प्लेट’ मला फार आवडतो, कारण पानावर ‘कालबाह्य’ची पाटी साच्याने लावली असेल तर तीच पाटी वाचकालाही सावध करते आणि क्वेरीलाही. सराव करायचा असेल तर मराठी विकिपीडियावर हेच कीवर्ड चालतात, आणि वर सांगितलेला विभक्तीचा प्रश्न तिथे खऱ्या मराठी मजकुरावर तपासता येतो.

तुमच्या टीमसाठी मी दोन याद्या एकाच पानावर ठेवेन. पहिली वरची तपासलेल्या रनबुक्सची, ऑनकॉलवर असलेल्यासाठी. दुसरी तिच्या उलट, तपासणी राहिलेल्यांची:

टाइप = पेज अँड ॲन्सेस्टर = 48210337 अँड लेबल = "रनबुक" अँड लेबल नॉट इन ("रिव्ह्यूड-2025-क्यू3", "रिव्ह्यूड-2025-क्यू4", "ऑब्सोलीट", "ड्राफ्ट") ऑर्डर बाय लास्टमॉडिफाइड

क्रम चढता ठेवला की सर्वांत जुने पान वर येते. ही यादी ऑनकॉलची पाळी बदलताना उघडा आणि सुटणाऱ्या माणसाने वरचे एक पान करून पाहून, लेबल लावून, मगच पाळी सोपवावी असे ठरवा. तिमाही बदलली की दोन्ही क्वेरींतली लेबले एकाच वेळी पुढे सरकवा. एकीत बदल झाला आणि दुसरीत राहिला, तर काही पाने दोन्ही याद्यांतून गायब होतात.